केळी तुमच्याकडे

"सुजाताच्या आई, तुमच्या दशम्या लय मऊ झाल्या होत्या वो. पोरींनी पाह्यता पाह्यता फस्त केल्या."

मंदाताई असं म्हणाली आणि पुढच्या सीटवरून माझी डब्याची पिशवी मागे दिली. मी ती मांडीवर घेतली. जड होती. सकाळी जेवढी जड होती तेवढीच.

गाडी जळगाव जामोदहून परत निघाली होती. नांदुरा मागे पडलं होतं. पोरी हॉकीची मॅच जिंकून आल्या होत्या, मागच्या सीटवर त्यांची गाणी चालली होती. आया खुशीत होत्या. "हाव, लय छान होत्या दशम्या," दुसरी म्हणाली. तिसरीनं मान हलवली. मी पिशवीत हात घातला. डबा फडक्यात बांधलेला होता, गाठ हाताला लागली. ती गाठ माझी होती. मी शिलाईवाली बाई. दोनदा फिरवून टोक आत खोचते, तशी गाठ दुसरं कोणी मारत नाही.

डबा कोणी उघडलाच नव्हता. आणि गाडीभर बाया मला सांगत होत्या दशम्या कशा झाल्या ते.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारी बसलेल्या माझ्या पोरीनं माझा हात दाबला. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आई, घरी."

मी वरून हसून म्हणाले, "आवडल्या ना? बरं झालं." हे माझ्याच तोंडून गेलं. अजून आठवलं की तोंड कडू होतं.

आमचं गाव अमडापूर. आमचं घर निळ्या झेंड्याच्या चौकापलीकडे. नवरा गवंडीकाम करतो, मी ब्लाऊज शिवते. आणि आमची एकुलती एक सुजाता गोलकीपर आहे. हे सांगताना माझी मान आजही ताठ होते.

गोलकीपर झाली त्याचं कारण साधं. शाळेत हॉकीची टीम निघाली तेव्हा गोलकीपरचे जुने पॅड कुठून तरी आले होते. फाटलेले, वास मारणारे. कोणाचीच पोरगी घालेना. माझ्या पोरीनं ते घरी आणले. मी उन्हात वाळवले, मशीनवर सुया मोडत शिवले. दुसऱ्या दिवशी ते बांधून ती गोलमध्ये उभी राहिली, ती तिथंच राहिली. आता जिल्ह्याच्या संघाची निवड चाचणी तोंडावर आली होती. आमच्या घरात दुसरं बोलणंच नव्हतं. नवऱ्यानं भिंतीवर खडूनं गोल आखला होता आणि रोज कामावरून आला की तिच्याकडे चेंडू मारायचा.

मैदान मंदाताईच्या घरच्या जमिनीवर. गाडी त्यांची. मंदाताईचा नवरा शाळेच्या कमिटीवर. त्यांची ऋतुजा पुढे खेळते, गोल मारते. मोठं घर, पण मंदाताई मला नावानं नाही, कायम मानानं बोलवायची. मॅचला जाताना आम्हा नवराबायकोला गाडीत जागा द्यायची. खामगाव, मलकापूर, बुलढाणा, जिथं स्पर्धा तिथं आम्ही. तिथं झाडाखाली सतरंजी टाकायची, सगळ्यांनी डबे सोडायचे, पोरींना आधी वाढायचं, मग आयांनी बसायचं. कोणी काय आणायचं ते मंदाताई ग्रुपवर टाकायची. कोणाकडे पोळ्या, कोणाकडे भाजी, कोणाकडे भात. आणि माझ्यासाठी दर वेळी एकच: "सुजाताच्या आई, केळी तुमच्याकडे."

मला वाटायचं, बिचारी माझा विचार करते. दिवसभर मशीनवर असते, हिला कुठं पोळ्या लाटायला लावता. मी वस्तीत कौतुकानं सांगायची. बाजारात जाऊन फण्या निवडायची. अर्धकच्च्या घ्यायच्या, म्हणजे मॅचच्या दिवशी नेमक्या पिकतात. एकीवर डाग दिसला तर केळेवाल्याशी भांडायची. पोरी धावून धावून दमणार, त्यांना चांगलंच मिळायला पाहिजे ना.

त्या वेळी जळगाव जामोदला जाताना मला उत्साह आला. पोरीला कॅप्टन केलं होतं. म्हटलं, केळी तर नेऊच, पण आज पोरींना माझ्या हातचं खाऊ घालू. पहाटे उठून दुधात कणीक मळली, दशम्या केल्या. सोबत जवसाची चटणी. तिथं पोचल्यावर मंदाताईनं हसत डबा हातातून घेतला. "द्या इकडं, मी वाढतो पोरींले," म्हणाली. जेवताना मी दशम्या शोधत होते. म्हटलं, पोरींच्या पंगतीत गेल्या असतील.

घरी आल्यावर मी डबा जमिनीवर ठेवला आणि गाठ सोडली. दशम्या तशाच होत्या. चटणीवरचं तेलसुद्धा हललं नव्हतं.

"तुले माहीत होतं?" मी पोरीला विचारलं.

ती बुटाच्या लेस सोडत बसली होती. म्हणाली, "आई, आपल्याकडून सालीचंच चालते."

"म्हणजे?"

"म्हणजे केळं. संत्रं. वरची साल काढून फेकली की झालं. आपला हात सालीलेच लागते ना."

"कोणी सांगितलं तुले हे?"

"ऋतुजानं. लय आधी, पाचवीत होतो तेव्हा. तिची आजी तसं म्हणे. तिनं सहज सांगितलं मले."

"मंग मले काऊन नाही सांगितलं?"

पोरगी रडायला लागली. "तू किती खुश राहत होती वं केळं आणताना."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो दारात विडी धरून उभा होता. "तुम्हाले माहीत होतं?"

"अंदाज होता," तो म्हणाला.

म्हणजे सगळ्यांना ठाऊक. पोरीला, नवऱ्याला, त्या सगळ्या बायांना. घरात आणि गाडीत मिळून मीच एक खुळी. केळ्यांवरचे डाग बघत बसलेली.

मग एकेक आठवायला लागलं. एकदा बांधावरची बोरं धुऊन नेली होती, ती जशीच्या तशी परत आली. "पोरींचा घसा धरते बोरानं," मंदाताई म्हणाली होती. भाजलेल्या शेंगा मात्र संपल्या. शेंगांना टरफल असतं. मंदाताई माझ्या घरी ब्लाऊजचं माप द्यायला आली की मी चहा ठेवायची आणि तिला नेमकी ॲसिडिटी व्हायची. माझ्या घराच्या उंबऱ्यावर तिची ॲसिडिटी वाट बघत बसलेली असायची बहुतेक. आणि मी मूर्ख, तिला जिऱ्याचं पाणी प्यायला सांगायची.

उघड कोणी हाड म्हटलं असतं तर सोसलं असतं. आमच्या सासूनं सोसलं, आईनं सोसलं. त्यांना निदान समोर कोण उभा आहे ते दिसत होतं. मला मान दिला, गाडीत जागा दिली, गळ्यात हात टाकून फोटो काढले. आणि हे. मी तिला मैत्रीण समजत होते. हे लिहितानासुद्धा लाज वाटते, पण समजत होते.

पोरीचं नाव माझ्या सासऱ्यांनी ठेवलं. सुजाता कोण होती ते आमच्या वस्तीत शेंबडं पोरगंसुद्धा सांगतं. तिच्या हातची खीर खाऊन कोणाला ज्ञान झालं तेही सांगतं. आणि त्याच नावाच्या पोरीला पाचवीत असल्यापासून ठाऊक होतं की तिच्या आईच्या हातचं खाल्लं जात नाही. आईला वाईट वाटेल म्हणून ती ते गिळून बसली होती.

मी तिला विचारलं, "टीम सोडतं काय?"

तिनं डोळे पुसले. "नाही. मले खेळाचं आहे. पण तू केळं नको नेऊ आता."

बस. तिथून माझं ठरलं.

आठवड्यानं मंदाताई आली. लग्नाचं ब्लाऊज शिवायचं होतं. उंबऱ्याबाहेर उभी राहूनच कापड पुढे केलं. मी चहाचं विचारलं नाही. विचारलं ते असं: "मंदाताई, दशम्या खऱ्यानंच आवडल्या का?"

"लय! म्हटलं ना मी."

"तीळ जास्त नव्हते ना झाले?"

"नाही वो, बराबर होते."

"तीळ टाकलेच नव्हते मी."

तिचा चेहरा उतरला. इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली घेतला. "पाहा, माह्या मनात काही नाही. पण घरात सासूबाई आहे, बाकीच्या बाया आहे. कोणाकोणाले समजावू मी? मी तर तुमचं भलंच पाह्यलं. कोणी तोंडावर बोलू नये म्हणून केळं सांगत होतो. अन् सुजाताले टीममध्ये राहायचं आहे ना? चाचणी जवळ आली. उगी वाढवू नका."

उगी वाढवू नका. म्हणजे दुखवलं तिनं, आणि वाढवणारी मी. वर पोरीच्या नावानं धमकी, तीही मायेनं.

मी कापडाची घडी केली आणि तिच्या हातात परत दिली. "हे घेऊन जा, ताई. माह्या हातचं अंगाले लागते. याले साल नाही. कसं घालसान?"

ती कापड घेऊन गेली.

संध्याकाळी कोच सरांचा फोन आला. "ताई, घरचं राजकारण मैदानात आणू नका. पोरीचं नुकसान होईल. आणि या वेळी गाडीत जागा नाही, तेवढं बघा." सर चांगले आहेत. सर कोणालाच काही म्हणत नाहीत, हेच त्यांचं चांगलेपण.

पुढची स्पर्धा हिवरा आश्रमला होती. आम्ही तिघं एसटीनं निघालो, चिखलीला गाडी बदलली. पोरीच्या पॅडचं पोतं नवऱ्यानं डोक्यावर घेतलं. कंडक्टरनं विचारलं, "काय आहे बे यात?" नवरा म्हणाला, "माह्या पोरीचा गोल आहे." किती तरी दिवसांनी तो असा बोलला.

सरांनी सुजाताला बाहेर बसवलं नाही. बसवतील कसे? दुसरी गोलकीपर होती कुठं? चेंडू अडवायला माझी पोरगी चालते. अंगावर मार खायला चालते. सकाळची मॅच तिनं काढली. ऋतुजा धावत आली, तिच्या गळ्यात पडली. त्याच बायांनी टाळ्या वाजवल्या.

दुपारी सतरंजी पडली. डबे मांडले गेले. मी लांब बसले नाही. तसं बसायला मला कोणी सांगितलंही नसतं, पण मी बसावं असं सगळ्यांना वाटत होतं. मी सतरंजीच्या मधोमध माझा डबा ठेवला. सगळ्यांसमोर गाठ सोडली आणि झाकण काढलं.

"दशम्या आहेत. माह्या हातच्या. ज्याले खायच्या त्यानं घ्या. ज्याले नाही खायच्या त्यानं माह्या तोंडावर सांगा. पण खाल्ल्या म्हणून खोटं बोलू नका."

एक बाई म्हणाली, "माहा आज उपास आहे." तिच्या ताटात वांग्याची भाजी होती. बाकीच्या आपापल्या ताटात बघत बसल्या.

पोरींच्या पंगतीतून ऋतुजा उठली. दोन पावलं आली. मला आशा वाटली.

"ऋतुजा, बस खाली," मंदाताई म्हणाली.

ऋतुजा बसली. मान खाली घालून भात कालवायला लागली. सकाळी माझ्या पोरीच्या गळ्यात पडलेली पोरगी. मोठ्यांचं मी समजू शकते, पण त्या पोरीचं बसणं मला फार लागलं.

सुजाता आली. पायात पॅड तसेच. वाकता येत नव्हतं म्हणून उभ्यानंच दशमी घेतली, चटणी लावली, खाल्ली. दुसरी घेतली. नवऱ्यानं घेतली. मी घेतली. आम्ही तिघं त्या सतरंजीवर मध्ये उभं राहून जेवलो.

तर असं झालं. कोणाचं मन वगैरे बदललं नाही. निवड चाचणीला सुजाताचं नाव सरांनी अजून दिलेलं नाही. विचारलं की म्हणतात, पाहू. मी आता विचारत नाही. चाचणीच्या दिवशी मी तिला घेऊन बुलढाण्याच्या मैदानावर जाणार आहे. पॅड बांधून तिला गोलमध्ये उभी करीन, तिथं जे कोणी साहेब असतील त्यांना सांगीन, मारा चेंडू. टीममधून काढलं तर काढू देत. ती म्हणते, "दुसऱ्या टीमकडून खेळीन. यांच्याच समोर उभी राहीन, अन् ऋतुजाचा एकही गोल होऊ देणार नाही." ते ती करेल.

काल ग्रुपवर मंदाताईचा मेसेज आला. मला ग्रुपमधून काढायची हिंमत अजून कोणाला झालेली नाही. पुढच्या रविवारी मलकापूरला जायचं आहे. पोळ्या कोणाकडे, भाजी कोणाकडे, भात कोणाकडे, सगळं लिहिलं होतं. खाली शेवटी: "केळी कोण आणणार?"

सगळ्यांनी वाचलं. कोणी उत्तर दिलं नाही. दुपार झाली, संध्याकाळ झाली. साधी केळी, बाजारात ढिगानं मिळतात. पण केळी कोणाला आणायला सांगतात हे आता सगळ्यांसमोर उघड झालंय, त्यामुळे एकीचाही हात पुढे येईना.

मी मशीन थांबवली, फोन घेतला आणि लिहिलं: "दशम्या माझ्याकडे. दर वेळी. डबा कोणी हातात घेऊ नये, गाठ मीच सोडीन."