पेनल्टीच्या वेळी ओरडला तो मी

मंडळी, आज दुपारच्या फुटबॉल मॅचमध्ये पेनल्टीच्या वेळी जो एकटा आवाज आला, तो माझा होता.

सकाळी आमच्या फिल्म क्लबमध्ये एक परदेशी सिनेमा बघितला. त्यातली बेकार पोरं डोकी भादरून, एकसारखे बूट घालून टोळी करतात आणि बाहेरून आलेल्या काळ्या माणसांना छळतात. बघताना डोळ्यांत पाणी आलं. नंतर चर्चेत मी उभा राहून म्हणालो, "आपल्या कोल्हापुरात असलं काय न्हाय बघा!" टाळ्या पडल्या.

दुपारी आमच्या पेठेच्या टीमचा टी-शर्ट घालून मैदानावर गेलो. समोरच्या टीमनं यंदा एक नायजेरियन खेळाडू आणलाय. अगदी शेवटी त्यांना पेनल्टी मिळाली आणि मारायला तोच आला. सगळं मैदान गप्प झालं. तेवढ्यात मी बोंबललो, "ए काळ्या, जा की तुझ्या जंगलात!"

त्यानं वळून आमच्या स्टँडकडं बघितलं. मग किक मारली. बॉल गोलच्या बारवरून बाहेर गेला.

"लई भारी टायमिंग, भावा!" म्हणत पोरांनी मला खांद्यावर घेतलं. सगळे एकाच रंगाच्या टी-शर्टात. त्यात सकाळी माझ्या शेजारी बसून सिनेमा बघितलेला सुहासही होता. वरून मला तो खेळाडू दिसत होता, मान खाली घालून तिथंच उभा.

खरं सांगू? तेव्हा मला बरं वाटत होतं. लाज घरी येऊन टी-शर्ट काढताना वाटली.

तुम्ही माझ्या शेजारी असता तर मला गप्प केलं असतं, का खांद्यावर उचललं असतं?