आभाळाला कान लावणारा हिरामण

हिरामणला आमच्या गावानं हसून हसून मारला, असं मी सगळ्यांच्या तोंडावर सांगतो. राग आला तर येऊ दे.

साजगावच्या एका कारखान्यात तो वायरमन होता. एकोणीसशे सत्तरच्या सुमाराला त्यानं कुठल्याशा मासिकात वाचलं, की परक्या ग्रहावरून कुणी साद घालतंय का, ते शास्त्रज्ञ रेडिओवर ऐकत बसतात. झालं! गड्याच्या डोक्यात तेच शिरलं. त्यानं बांबूची भलीमोठी टोपली विणली, आतून तारेची जाळी लावली आणि गावामागच्या माळावर आभाळाकडे तोंड करून ठेवली. जुन्या रेडिओंचे भाग जोडून यंत्र केलं. कामावरून आला की रोज तिन्हीसांजेला ते कानाला लावायचा. वर्षानुवर्षं नुसती खरखर.

"काय रं हिरामण, वरच्यांनी जेवायला बोलावलं का?" जो तो विचारायचा.

"एवढं मोठं आभाळ हाय, आपण एकटेच कसे असू?" तो म्हणायचा. लोक आणखी हसायचे.

मग कावीळ झाली आणि तो अंथरुणाला खिळला. शेवटी थोरल्या भावाचा, येसाजीचा हात धरून म्हणाला, "दादा, तिन्हीसांजेला यंत्र कानाला लावत जा. मी गेल्यावर आवाज आला, तर ऐकायला कुणी नको का?" येसाजीनं "हां हां" केलं. मी शेजारी, तिथंच होतो.

हिरामण गेला. तिसऱ्या दिवशी राख सावडून परतताना या शहाण्या येसाजीनं माळावरची जाळी सोडवली आणि स्वतःच्या खुराड्याला ठोकली! यंत्र भंगारात. हिरामणची बायको आवडी सुतकात घरातच, तिला पत्ता नाही.

दहाव्याला पाताळगंगेच्या काठी पिंड मांडला. कावळा काही शिवेना. वर कुणी नाही म्हणून हसणारे सगळे आता आभाळाकडे बघत बसले!

"आवडीला अंतर देणार नाय," येसाजी म्हणाला. कावळे झाडावरच. "तुझ्या पोरीचं लगीन करून देईन." नाही म्हणजे नाही.

"अरे, यंत्र ऐकीन म्हण ना!" मी ओरडलो.

"पिंडापुढं खोटं कसं बोलू? जाळी कोंबड्यांना लावलीय."

भटजींना खालापूरला दुसरं काम होतं. त्यांनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि सगळे उठले.

घरी आवडी दारातच उभी होती. "शिवला का हो भाऊजी?"

"शिवला की. लगेच."

बाई ढसाढसा रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "म्हंजे तुमी ऐकायचं कबूल केलंत. बरं झालं. त्यांचा जीव त्यातच अडकला होता. आजपासूनच जा हां, तिन्हीसांज चुकवू नका."

"जातो," येसाजी म्हणाला आणि पाटावर बसला. "आधी वाढ."