दारातली झडती

समोरची सुनंदा नवऱ्याची पिशवी दारातच घेते. घेताना जरा जास्तच वाकते. मला कळतं हो, ती दारूचा वास घेते. तो व्यसनमुक्ती केंद्रातून नुकताच परतलाय. तिथल्या ताईंनी हिला बजावलंय, "विश्वास ठेवा, तपासू नका." पण नाकाला कोण समजावणार? काल त्यानं स्वतःच तोंड उघडून "हाऽ" केलं. म्हणाला, "घे बाई, उरकून टाक." दोघंही हसली, मला मात्र ते हसू टोचलं. रोज अशी झडती देऊन माणूस किती दिवस घरी येईल?

आज तो आला, तर ती बाजूला सरली आणि तो आत जाईपर्यंत श्वास रोखून उभी राहिली. मग म्हणाली, "चहा टाकते."

तो विश्वास होता की भीती, ते तिलाही सांगता यायचं नाही. मी आपली मघापासून त्याच विचारात घरात येरझारा घालतेय.