सूपभर कोंड्याचा कोंडिबा

पोटच्या पोराकडे बोट दाखवून "ह्ये कुणाचं वो पोरगं?" असं रोज सकाळी विचारणारा बाप अख्ख्या कोल्हापुरात एकच होऊन गेला, आणि तो आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. महाराजांच्या पागेतल्या घोड्यांची खोगिरं ते शिवत, म्हणून सगळी पेठ त्यांना खोगीरमामा म्हणे. घोड्याच्या पाठीला टोचू नये म्हणून शिवलेलं खोगीर स्वतःच्या गालावर घासून बघणारा हा माणूस. तो बाप झाल्यावर काय करील, याची धास्ती पेठेने आधीच घ्यायला हवी होती.

थोरला सोन्या जन्मला आणि मामांनी घरात शिंकायला बंदी केली. पोराला घ्यायचं तर आधी शेगडीवर हात शेकायचे. दृष्ट काढून काढून मामीच्या डब्यात आमटीपुरती मिरची उरत नसे. एकेक दात आला की नृसिंहवाडीला दत्ताला पेढे. सोन्या चालायला लागला तेव्हा मामा त्याच्यापुढे वाकून उलटे चालत आणि वाटेतले खडे वेचत. असेच एकदा ते रंकाळ्यावरून परतणाऱ्या म्हशीवर जाऊन आदळले आणि तिलाच म्हणाले, "डोळं फुटलं काय गं? पोरगं चालतंय, दिसत न्हाय?" आम्ही हसून हसून लोळलो होतो. आज तेवढं हसू येत नाही.

कारण मग प्लेगाची साथ आली. घराघरांत उंदीर मरून पडू लागले, तशी पेठ रिकामी झाली आणि आम्ही सगळे गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहिलो. मामा तेवढे आले नाहीत. "माळावर वारं हाय, पोराला सोसायचं न्हाय," म्हणत त्यांनी खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबल्या आणि सोन्याला उबेत ठेवलं. वडिलांनी निरोपावर निरोप धाडले, पण उपयोग झाला नाही. आम्ही परतलो तेव्हा सोन्या नव्हता. मामा वडिलांना एवढंच म्हणाले, "दार म्याच लावलंतं."

दुसरा मुलगा झाला तो या दुःखावर. थोरलं गेलं की मागच्याला उकिरड्यावर ठेवायचं, शेजारणीला कोंड्यावर विकायचं आणि नावही तसलंच ठेवायचं, म्हणजे घरावर टपून बसलेल्या सटवाईला वाटावं, हे इथलं नव्हेच. माझ्या आईने सूपभर कोंडा दिला आणि पोर पदरात घेतलं. नाव पडलं कोंडिबा. दूध मामीचं आणि पाळणा आमचा, असा तो वाढला. इतर घरी हे नाटक बारशापुरतं असतं, पण मामांनी ते मनावर घेतलं. कोंडिबा माती खाई तेव्हा मामा आभाळाकडे बघत. त्याने चिंचेवरून पडून हात मोडून घेतला, तर मामा आमच्या दारात येऊन ओरडले, "तुमचं पोरगं पडलंय, बघा की!" आणि तडक परत जाऊन शिवायला बसले. त्या दिवशी शिवलेलं खोगीर पागेतून परत आलं. कुणी म्हणालं, कोंडिबा तालमीत चांगला तयार होतोय, की मामा वर तोंड करून मोठ्यांदा म्हणत, "कसला तयार! नुसती काटकी हाय!"

खरं काय ते पेठेने कोंडिबाला केव्हाच सांगितलं होतं. तरी लहानपणी तो माझ्या आईला विचारी, "मामांचं आन् माझं काय वाकडं हाय गं?" आई त्याला जवळ घेई.

लग्नाआधी कोंडा परत करून पोर घरी न्यायची रीत आहे. हळदीच्या दिवशी मामी भरलेलं सूप घेऊन आमच्या उंबऱ्याशी आली, मागोमाग मामा. आई म्हणाली, "न्या की दादा आता आपलं लेकरू." मामांनी मामीच्या हातातलं सूप घेतलं, सटवाई तिथेच टपलेली असावी तसं वर बघितलं आणि पाय मागे घेतला. "ऱ्हाऊ द्या वैनी. एवढी वरसं फसलीया ती. आज कळलं तर?"

हळद लागलेला कोंडिबा पुढे आला. "एकदा तरी लेका म्हना की. हळू म्हना, कुनाला ऐकू जात न्हाय." मामांचे ओठ हलले. ते त्याच्या कानापर्यंत वाकले आणि तसेच मागे सरले. "न्हाय रं. तिला लई बारीक ऐकू येतंय." मला मामांचा राग आला, आणि रडूही आलं.

लग्नात वराचा बाप म्हणून माझे वडील मिरवले. मामा पंगतीच्या टोकाला, पाहुण्यांत बसले होते. पान वाढलेलं होतं, घास उचलला नव्हता. मुलीच्या काकांनी चौकशी केली, "ह्ये पावणं कोन?" कोंडिबा मुंडावळ्या मागे सारून तुपाची वाटी घेऊन आला आणि मामांसारखंच वर तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाला, "ह्ये व्हय? ह्ये शेजारी. आमचं कोन न्हाईत. लई खवाट म्हातारं हाय." आणि बोलता बोलता वाकून त्याने सगळी वाटी मामांच्या भातावर उपडी केली.

मामांनी मान वर केली आणि पहिल्यांदाच, चारचौघांत, त्याला डोळे भरून बघितलं. "व्हय व्हय," ते काकांना म्हणाले, "मी ह्येचा कोन न्हाय." आणि ते जेवू लागले.