चेहऱ्याचं भिंग

आमच्या कर्जतच्या फोटोवाल्याकडे दोन भिंगं होती. चेहऱ्याच्या भिंगात एकटा माणूस भरून यायचा, जोडीच्या भिंगात दोघं. बोलण्याआधी तो धोतराच्या सोग्यानं भिंग पुसायचा.

मी पगडी घालून फोटोसाठी घरच्या ओटीवर एकटाच बसलो, तर म्हणाला, "चेहऱ्याचं भिंग नेमकं आजच बिघडलं हाय, मास्तर. जोडीचं लावतो, पण फोटोची अर्धी काच फुकट जाईल." मग आत हाक, "वैनी, काच भरायला या!"

चारचौघांत ही प्रथमच माझ्याशेजारी बसली. हसू दाबताना हललो, म्हणून फोटोत दोघंही पुसट आहोत.

पुढे दहिवलीला मेहुणा असाच एकटा सजून बसलेला. मला पाहूनही न अडखळता फोटोवाल्यानं भिंग पुसलं. "नेमकं आजच बिघडलं हाय, रावसाहेब."