गेममधलं सैपाकघर

मी अंबडला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते तेव्हाची गोष्ट, दोन हजार सालाच्या आसपासची. क्लासमधल्या एका सीडीवर बंदुकीचा एक गेम होता आणि त्या गेममधल्या खोल्या आपण स्वतः बनवायची सोयही होती. वरून बघितल्यासारखा नकाशा दिसायचा. ठिपके मांडायचे, रेघांनी जोडायचे, की झाली खोली. ठिपका माउसनं ओढला की अख्खी भिंत सरकायची. मग एक बटण दाबून त्याच खोलीत शिरायचं, हिंडायचं. पहिल्यांदा शिरले तेव्हा अंगावर काटाच आला. आईशप्पथ, त्या दिवशी मला डबा खायचीही शुद्ध राहिली नाही.

माझे बाबा गवंडी. गावातली निम्मी घरं त्यांच्या हातची, पण आमचं स्वतःचं आत्ता कुठं जोत्यापर्यंत आलं होतं. सोमवारी भिंती चढणार होत्या आणि घरात सैपाकघराच्या खिडकीवरून भांडण पेटलं होतं. आईला खिडकी खाली पाहिजे होती.

"खिडकी साडेतीन फुटावरच असती. तुला काय कळतं त्यातलं?" बाबा म्हणायचे, आणि आई गप्प बसायची. तिचं ते गप्प बसणं मला बिलकुल सहन होत नव्हतं. मी मुळातच तोंडाची फटकळ.

"भिंत चढल्यावर जन्मभर तिलाच बसायचंय तिथं, तुम्हाला न्हाई," मी म्हणाले. रविवारी क्लासची किल्ली मागून घेतली आणि आमचं घर त्या गेममध्ये मांडून दाखवायला दोघांना अंबडच्या एसटीत घातलं.

बाबा मापं सांगत गेले, मी ठिपके मांडत गेले. ओसरी, माजघर, सैपाकघर. पण दार आलं की बाबा तिथं रेघ तोडायला लावायचे. जोत्यावर चुन्याच्या फक्कीनं आखताना दाराची जागा मोकळी सोडायची त्यांची सवय. गेमला ते चालेना. रेघ पुरी जुळली नाही तर खोली होतच नाही; आत शिरले तर जमीन कुठं, छत कुठं, सगळा गोंधळ. पुन्हा रेघा जोडून दारं वेगळी बसवली. मग सैपाकघर अरुंद वाटलं म्हणून भिंत जराशी ओढली, तर बाबा खुर्चीतून उठलेच.

"पुन्हा कर."

पुन्हा केली.

"ना हातोडा, ना धूळ. भिंत सरकून राह्यली!" त्यांनी पडद्याला बोट लावून बघितलं.

आत शिरलो. आईनं आधी पडद्याच्या तळाशी दिसणारी बंदूक बघितली. "ही माझ्या हातात कशाला ग?"

"ती निघत न्हाई."

"राहू दे मंग. घरात लागंल," आई बाबांकडे बघत म्हणाली.

बाबांच्या मापानं साडेतीन फुटावर बसवलेल्या खिडकीतून अंगण लख्ख दिसत होतं. बाबा खूष. "बघ, दिसतंय का न्हाई बराबर?"

"दिसतंय. पण मी उभी कुठं राहते? मी तर चुलीम्होरं बसते."

त्या गेममध्ये खाली बसायचंही बटण होतं. मी दाबलं. सगळं चित्र खाली उतरलं. अंगण गेलं. समोर नुसती भिंत, आणि वरती आभाळाची चिंधीएवढी पट्टी.

मीसुद्धा हादरले. रोज तिच्या हातची गरम भाकर खात होते, पण ती बसते तिथून काय दिसतं हे कधी बघितलं नव्हतं. बाबांनी माझा हात बाजूला केला आणि स्वतः बटण दाबलं. उठले, बसले. पुन्हा उठले, पुन्हा बसले.

"गावात एवढी घरं बांधली," ते म्हणाले, "समद्या खिडक्या माझ्या डोळ्याच्या मापानं ठेवल्या."

मग आईकडे वळले. म्हणाले, "किती खाली पाहिजे?"

आई खुर्चीवरून उतरली, क्लासच्या फरशीवर चुलीपुढं बसते तशी बसली आणि हात आडवा धरून म्हणाली, "एवढी."

बाबा तिच्यासमोर खाली बसले. खिशातला टेप काढला आणि जमिनीपासून तिच्या हातापर्यंत माप घेतलं.