अस्वलाचा घास

निवृत्त झाल्यावर माझा थोरला भाऊ पहिल्यांदाच कॅनडात आला, आणि त्याला उत्तरेतलं अस्वल बघायचं होतं. म्हणून ब्रॅम्पटनचं घर बंद करून आम्ही विमानाने व्हाइटहॉर्सला गेलो, तिथून भाड्याच्या गाडीने डॉसनकडे निघालो. मी चालवत होतो, बायको शेजारी, दादा मागे. मागे बसून तो अख्ख्या संस्कृतीच्या वतीने बोलत होता. इथले लोक प्राण्यांना कॅमेऱ्यातून बघतात, आपण त्यांना नातेवाईक मानतो, वगैरे. नातेवाईकांशी आपण कसे वागतो, तो विषय मी काढला नाही.

भारतात घरी तो रोज पहिली पोळी गायीसाठी बाजूला काढतो. ब्रॅम्पटनमध्ये गाय मिळेना, तेव्हा ती पोळी बॅकयार्डमधल्या खारींना जाऊ लागली. या प्रवासात अजून कोणी भेटलं नव्हतं.

निघाल्यावर तीनेक तासांनी एका वळणावर अस्वल दिसलं आणि मी गाडी थांबवली. काळं, अंगाने लहान, एकटं. रस्त्याकडेची पिवळी फुलं ओरबाडून खात होतं. आमच्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

"काच उघड," दादा म्हणाला. हातात तूपगूळ लावलेली पोळी होती.

"दादा, नको. इथे चालत नाही," बायको म्हणाली.

"घास द्यायला कोणाची परवानगी लागते?"

मागच्या काचांचं कुलूप माझ्या बटणावर होतं. मला वाद नको होता. शिवाय अस्वल जवळ आलं तर फोटो बरा येईल, हेही मनात होतं. मी बटण दाबलं. दादाने काच खाली करून पोळी टाकली. अस्वलाने पोळी हुंगली, खाल्ली आणि मान वर करून गाडीकडे पाहिलं. दादाने दुसरी टाकली.

मागून एक ट्रक येऊन थांबला आणि त्याने हॉर्न दाबून धरला. अस्वल झाडीत पळालं. ड्रायव्हर पंजाबी होता. उतरून माझ्या खिडकीशी आला.

"भाईसाहब, पढ़े-लिखे लगते हो. अब ये हर गाड़ी के पास आएगा, और एक दिन गोली खाएगा. वाइल्डलाइफ़ वालों को आज ही रिपोर्ट कर दो. डरा के भगा देंगे तो शायद बच जाए."

फोनला सिग्नल डॉसनला पोचल्यावर आला. बायकोने नंबर शोधून फोन माझ्यासमोर धरला. दंड होईल, दादाच्या व्हिसाला काही होईल, असं मी म्हणालो. खरं म्हणजे आम्ही काय केलं ते इंग्रजीत सांगायची लाज वाटत होती. "उद्या करतो," म्हणालो. तोवर दादाने फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला होता आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. उद्या आला, तेव्हा बायकोने विचारलं नाही आणि मी केला नाही.

तिसऱ्या दिवशी परतताना अस्वल तिथेच होतं. फुलं खात नव्हतं. गाडीचा आवाज ऐकून रस्त्यावर आलं आणि मागच्या पायांवर उभं राहिलं.

"बघ," दादा म्हणाला, "ओळख ठेवलीय त्याने."

मी हॉर्न वाजवला. ते हललं नाही. बाजूने गाडी काढून मी पुढे गेलो. आरशात दिसलं, मागून येणारी कॅम्पर व्हॅन त्याच्यापाशी थांबत होती आणि तिची काच खाली येत होती.